आंजीच्या ढेमसाचं विमानभाडं

“आत काय आहे?” हा प्रश्न मी पोस्टाच्या काउंटरवर बसून इतकी वर्षं विचारला, की निवृत्त झाले तरी जिभेचं वळण जात नाही. परवा जावई मिठाईचा डबा घेऊन दारात उभे राहिले, तर ‘या’ म्हणायच्या आधी माझ्या तोंडून तेच निघालं. बिचाऱ्यांनी डबा उघडून दाखवला.

पण विचारावंच लागतं. पाकीट बाहेरदेशात जाणार असलं, तर त्यावर आत वस्तू काय, वजन किती, किंमत किती, हे लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी लागते. आणि आमची वर्ध्याची माणसं! “आत काय आहे?” म्हटलं की, “काई नाई म्याडम, घरचंच हाय.” या ‘घरचंच’मध्ये कुरड्या निघतात, जवसाची चटणी निघते, एकदा तर चक्क पाटा-वरवंट्यातला वरवंटा निघाला होता. सेलूचे एक काका कॅनडातल्या मुलाला आंब्याचं लोणचं पाठवायला आले होते. बरणीवर दोन टॉवेल गुंडाळलेले, तरी तेल बाहेर आलेलं. म्हणाले, “वस्तूच्या जागी कागदपत्रं लिवा.” मी म्हटलं, “काका, लोणच्याला कागदपत्रं कसं लिहू?” तर म्हणतात, “मंग वारसाहक्क लिवा. चव वारशातच येते आमच्याकडं.”

असे पुष्कळ भेटले. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत हाताने लिहिलेली पत्रं कमी झाली, काउंटरवर खाती आणि आधार कार्डंच जास्त झाली, त्याचं वाईट वाटायचं. पण त्याच वर्षांत मला लीलाबाई भेटल्या. त्यांची गोष्ट मी कितीही वेळा सांगितली तरी मला कंटाळा येत नाही.

लीलाबाई आंजीच्या, वर्ध्याजवळच्या मोठ्या आंजीच्या. नाल्याकाठी त्यांचा छोटा मळा. वांगी, बरबटीच्या म्हणजे चवळीच्या शेंगा, अंबाडी आणि ढेमसं लावायच्या, आणि बाजाराच्या दिवशी वर्ध्याला आणून विकायच्या. ढेमसं म्हणजे मुठीत मावतील अशी गोल हिरवी फळं. दुसरीकडे त्यांना टिंडे म्हणतात. लीलाबाईंची ढेमसं बाजारात ओळखू यायची. अंगावर बारीक लव, देठापाशी गडद हिरवी टोपी, आणि दोन दिवस टोपलीत राहिली तरी आतली बी कडक होत नसे. बियाणं त्यांच्या सासूबाईंनी राखलेलं होतं, पुढे त्यांनी राखलं.

त्या पहिल्यांदा माझ्यासमोर आल्या तेव्हा डोक्यावरची टोपली बाहेर कुणाच्या तरी भरवशावर ठेवून आल्या होत्या. घाईत होत्या. पदराच्या गाठीतून एक पुडी आणि एक कागद काढून त्यांनी काउंटरवर ठेवला.

“म्याडम, हे जपानले धाडाचं हाय.”

माझा पेन थांबला. “आत काय आहे मावशी?”

“ढेमसाची बी.”

मग कळलं ते असं. जपानमधली एक शिक्षिका, हारुको तिचं नाव, निवृत्त झाल्यावर सूत कातायला शिकायला म्हणून वर्ध्यात येऊन राहिली होती. रोज बाजारात फिरायची. लीलाबाईंच्या टोपलीशी थांबून एक ढेमस हातात घेऊन बघत बसायची. एके दिवशी ते तिथेच चाकूने कापलं, कच्चंच खाल्लं आणि खुदकन हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. हारुकोने वहीवर चित्र काढलं: एक वेल, वेलीला ढेमसं, शेजारी एक घर, घराशेजारी ती स्वतः. लीलाबाईंना चटकन समजलं की ही बी मागते आहे. पण तेव्हा वेलीवर सगळी कोवळी फळं होती, बियाणं तयार नव्हतं. म्हणून हारुको पत्ता लिहून देऊन गेली, आणि लीलाबाईंनी चांगली चार फळं वेलीवर जून होऊ दिली, वाळवली, बी काढली आणि राखेत घोळून पुडी बांधली.

मी वजन केलं, दर सांगितला. लीलाबाईंनी खळखळ न करता पैसे दिले. मी चिठ्ठी चिकटवली, शिक्का मारला. साहेबांनी, म्हणजे आमच्या पोस्टमास्तरांनीही येऊन पत्ता पाहिला. आमच्या ऑफिसातून जपानला जाणारं पाकीट म्हणजे नवलच. चहा झाला त्या दिवशी.

आणि काही आठवड्यांनी पाकीट परत आलं.

वर कागद लावलेला होता: बियाण्यासोबत पीक-आरोग्याचा दाखला नाही. झाडाझुडपांचे रोग आणि किडी बियांबरोबर देश ओलांडतात, म्हणून असा दाखला लागतो. आपल्याकडच्या सरकारी तज्ज्ञाने बी तपासून ‘ही निरोगी आहे’ असं लिहून द्यायचं. ना मला ते ठाऊक होतं, ना साहेबांना. मी लीलाबाईंना बाजारात जाऊन गाठलं. म्हटलं आता चिडतील. त्यांनी पुडी उलटसुलट करून पाहिली, हुंगली.

“इतकी लांब जाऊन आली तरी वास तोच हाय,” म्हणाल्या. “दाखला कुठी भेटते?”

“नागपूरला.”

“मंग चाल. तुले सुट्टी कव्हा हाय?”

अशी मी त्यांच्याबरोबर गेले. माझ्यासाठी नागपूरची वाट म्हणजे दरवर्षीची दीक्षाभूमीची वाट. एसटीची खिडकी, सेलूला चढणारे फुटाणेवाले, सगळं ओळखीचं. लीलाबाई मात्र नातेवाइकांच्या लग्नाशिवाय नागपूरला गेल्या नव्हत्या. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि पुडी ब्लाऊजमध्ये ठेवली होती.

कचेरीतला अधिकारी तरुण होता, नम्र होता. त्याने बी पांढऱ्या बशीत ओतली, भिंगाखाली धरली, एकेक उलटवून पाहू लागला. लीलाबाई अस्वस्थ झाल्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “पोरगी पाह्यले आल्यावानी करून राह्यला व हा!” मग त्याला मोठ्याने, “साहेब, खोट काई नाई तिच्यात. माया घरची हाय.”

तो हसला. “मावशी, मुलगी चांगलीच आहे. पण परदेशात द्यायची म्हणजे बघून द्यावं लागतं ना?”

“हाव, ते बरोबर हाय,” लीलाबाईंना पटलं. त्या दिवसापासून ती बी आमच्या बोलण्यात ‘पोरगी’ झाली. दाखला मिळायला आणखी एक फेरी पडली, पण मिळाला. पाकीट पुन्हा निघालं, आणि या वेळी पोचलं.

उत्तर आलं ते पाहायला आम्ही सगळे काउंटरवर वाकलो. पत्रात अक्षरं थोडी, चित्रं फार. बांबूच्या मांडवावर चढलेला वेल. वेलीला ढेमसं. ढेमसाला हात लावून बसलेली हारुको, डोक्यावर मोठी टोपी. खाली साध्या इंग्रजीत लिहिलं होतं की पहिलं पाकीट परत गेल्याचं इथल्या पोस्टाकडून कळलं, तुम्हाला दोनदा खर्च पडला, मला फार वाईट वाटलं, पुढच्या पत्राचा खर्च माझ्याकडून घ्या. आणि सोबत एक छापील कागद होता. नोटेसारखा दिसणारा, पण नोट नव्हे.

“हे काय व?” लीलाबाईंनी विचारलं.

मी उलटून पाहिला. साहेबांनी चष्मा वर-खाली करून पाहिला. आमच्यापैकी कुणीच तसला कागद कधी हातात धरला नव्हता. साहेब आत जाऊन नियमांचं जुनं पुस्तक काढून बसले आणि बऱ्याच वेळाने तोंडभर हसत बाहेर आले. त्याला म्हणतात आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन. समजा मला परदेशातल्या माणसाकडून उत्तर हवं आहे, आणि त्याचा टपालखर्च मी करायचा आहे. माझी तिकिटं त्याच्या देशात चालणार नाहीत. म्हणून मी हे कूपन विकत घेऊन पत्रात घालते. तो माणूस ते त्याच्या पोस्टात देतो आणि त्याबदल्यात त्याला एका हलक्या विमानपत्राची तिकिटं मिळतात. विकावं की नाही हे ज्या त्या देशाच्या मर्जीवर असतं, पण आलेलं कूपन बदलून देणं सगळ्यांना बंधनकारक. किती साधी आणि किती सभ्य सोय! पोस्टात असल्याचा मला इतका अभिमान क्वचित वाटला असेल.

मी उत्साहाने लीलाबाईंना सगळं समजावलं. त्यांनी ऐकलं, आणि कूपन माझ्याकडे सरकवलं.

“वापस धाड तिले.”

“काऊन?”

“पोरगी आपण देल्ली. सासरी धाडाचं गाडीभाडं सासरकडून घेते का कोणी?”

“मावशी, हे तिच्या देशात विकत घेतलेलं आहे. तिथं ते नाही चालत. इथंच चालेल.”

“मंग ठेव तसंच.”

आणि त्यांनी स्वतःच्या पैशाने उत्तर पाठवलं. पत्र मी लिहिलं, त्यांनी त्यात सांडशीने धरलेली भाकर आणि ढेमसाच्या भाजीची कढई असं काहीतरी चित्र काढलं. मला ते चंद्र आणि विहीर वाटलं होतं. हारुकोला मात्र बरोबर कळलं, कारण तिच्या पुढच्या पत्रात तिने ढेमसाची भाजी केल्याचं चित्र होतं. आणि आत आणखी एक कूपन.

लीलाबाई म्हणाल्या, “हट्टी हाय बाई.”

पत्रं येत राहिली, जात राहिली. प्रत्येक पत्रात एक कूपन, आणि प्रत्येक वेळी लीलाबाईंचा नकार. हारुकोच्या गावात ढेमसाचा वेल पाच-सहा घरांमध्ये गेला होता. एका चित्रात तिने सगळी घरं काढून प्रत्येकावर वेल चढवला होता. लीलाबाईंनी ते चित्र बाजारात शेजारच्या भाजीवाल्यांना दाखवलं. कांदेवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, “लीले, एवढ्या दूर पोरगी देल्ली, भेटाले कव्हा जातं?” सगळा बाजार हसला.

मग आलेल्या पावसाळ्यात नाला मळ्यात शिरला.

माणसांना काही झालं नाही, घर उंचावर होतं. पण मळ्यातली मातीच वाहून गेली. वेल गेले, बियाण्यासाठी राखलेली फळं गेली. मडक्यात ठेवलेली जुनी बी ओसरीवर होती, तिला पावसाची झड लागून बुरशी आली. शेजारणीला दिलेली बीही त्याच पुरात गेली. लीलाबाई तीन महिने बाजाराला आल्या नाहीत. आल्या तेव्हा टोपलीत घरामागच्या उंच जागेत लावलेली, दुकानातल्या पाकिटाच्या बियाण्याची ढेमसं होती. गुळगुळीत, एकसारखी, दिसायला छान. मी पाव किलो घेतली. भाजी केली. भाजीच होती ती, दुसरं काही म्हणता येत नाही. जुनी गिऱ्हाइकं विचारायची, “लीलाबाई, ते तुमचे लवेचे ढेमसे कुठी गेले?” आणि त्या ‘पुरात गेले’ म्हणून तागडीकडे वळायच्या.

मी म्हटलं, “मावशी, हारुकोकडे आहे ना बी. मागवू या.”

“नाई.”

“ती आनंदाने देईल.”

“देईन व ती. मले मालूम नाई का? पण देल्लेली चीज हातानं वापस मांगाची? माया सासूनं लोकाइले बी देल्ली, कव्हा मांगली नाई.”

मी हारुकोला गुपचूप कळवू शकले असते. तसं मनात आलंही. पण बी लीलाबाईंची, शब्द लीलाबाईंचा, मी मधली. पोस्टातल्या माणसाने दुसऱ्याचं पत्र स्वतःच्या मनाने लिहू नये, असं मला वाटतं.

पण एक गोष्ट माझ्या हद्दीतली होती. त्या कूपनांवर मुदत छापलेली होती, आणि ती मुदत जवळ येत चालली होती. ती टळली की कूपन म्हणजे नुसता रंगीत कागद. मी हे त्यांना सांगितलं. “मावशी, तिने पैसे घालून घेतलेत. वापरले नाहीत तर तिचे गेले, तुमचेही नाहीत, कुणाचेच नाहीत.”

त्या टोपली उचलून गेल्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी मात्र पोस्ट उघडायच्या आधीच पायरीवर बसलेल्या दिसल्या. चेहरा असा की काहीतरी ठरवून आल्या आहेत.

“वंदना,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला म्याडम म्हटलं नाही. “एक सांग. लेक सासरी गेली म्हणून माहेरी येत नाई का?”

“येते की.”

“दिवाईले येते, बायतपणाले येते. मंग? हे मांगणं नाई झालं. हे माहेरपण झालं.”

“बरोबर आहे.”

“अन् लेकीले माहेरी कोण आणून सोडते? सासरचा माणूसच सोडून देते न? भाडं त्याचंच राह्यते.” त्यांनी बोट नाचवत माझ्याकडे पाहिलं. “आता काढ तिचे कुपन. आता चालते.”

हसत हसत मी खणातून कूपनं काढून साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी स्वतःच्या हाताने कूपनांवर शिक्के मारले आणि मी तिकिटं मोजून दिली. पत्र लीलाबाईंनी सांगितलं तसं लिहिलं: नाल्याला पूर आला, माणसं ठीक आहेत, बी राहिली नाही, पोरीला थोडे दिवस माहेरी पाठव. ‘माहेर’ला इंग्रजीत शब्द सापडेना. मी आईचं घर असं लिहिलं. लीलाबाईंनी शेजारी एक दार काढलं, दारात उभी बाई, आणि तिचे दोन्ही हात पुढे.

बी देशात आणायची म्हणजेही परवानगी लागते. एवढं आता आम्ही शिकलो होतो. नागपूरच्या त्याच अधिकाऱ्याने कुठे अर्ज करायचा, काय लिहायचं ते सांगितलं. “मुलगी परत येते आहे?” त्याने विचारलं. लीलाबाई म्हणाल्या, “चार दिवस राह्याले.” त्यालाही ते पुरलं. अर्ज गेला, खोळंबला, पुन्हा गेला. तिकडे हारुकोने तिच्या देशातला दाखला काढला. उन्हाळा आला. आंजीच्या मळ्यात गाळ बसून जमीन पुन्हा तयार झाली होती. लीलाबाईंच्या मुलाने आणि सुनेने बांध घातला होता. एक तुकडा त्यांनी मोकळाच ठेवला होता, त्यात कुणाला मेथीसुद्धा टाकू दिली नाही.

पाकीट आलं तेव्हा मी नेमकी काउंटरवर होते. तपासणीत उघडून पुन्हा चिकटवलेलं, वर शिक्केच शिक्के. मी ते डिलिव्हरीच्या थैलीत टाकूच शकले नाही. साहेब म्हणाले, “जा, तूच नेऊन दे. आजची डिलिव्हरी तुझी.” मी बसने आंजीला गेले. लीलाबाई मळ्यात वाकून वाफे करत होत्या. मी लांबूनच पाकीट हलवलं. त्यांनी हातातलं खुरपं टाकलं, मातीचे हात लुगड्याला पुसले आणि पाकीट घेऊन कानाशी धरून हलवलं. आत बिया वाजल्या.

“आली व माय!” त्या म्हणाल्या, आणि तिथेच बांधावर बसून रडल्या. हसतही होत्या. सून धावत आली, काय झालं म्हणून. मग तीही बसली. मीही बसले. अंगावर पोस्टाची साडी, चपला चिखलात.

ती बी उगवली. सगळी नाही, पण पुरेशी. मी नोकरीतून निवृत्त झाले त्याच हंगामात वेलांना फळं धरली. निरोपाच्या समारंभाला ऑफिसने शाल दिली, श्रीफळ दिलं. लीलाबाई टोपली घेऊन आल्या आणि साहेबांसह प्रत्येकाच्या ओंजळीत ढेमसं घातली. साहेबांनी भाषणात पोस्टाबद्दल बरंच बोलायचं ठरवलं होतं, पण हातात ढेमसं असल्यामुळे त्यांना कागद धरता येईना.

भाड्याचा वादही मिटला आहे. हारुकोने आता तिच्याकडच्या एका काळ्या सोयाबीनची बी पाठवायची म्हटलं आहे, लीलाबाई अंबाडी पाठवणार आहेत. मी विचारलं, खर्च कुणाचा? तर म्हणाल्या, “तिकून निंगते ते तिचं, इकून निंगते ते माहं. दोन्ही घरं माहेरच झाले आता.” दाखल्यासाठी नागपूरला मी सोबत जाते. एसटीत आता आम्हा दोघींनाही अर्ध्या तिकिटात जाता येतं, त्यामुळे फेऱ्या वाढल्या तरी तक्रार नाही.

मागच्या आठवड्यात बाजारात गेले होते. लीलाबाईंची टोपली भरलेली. लवेची, गडद टोपीची ढेमसं. थोडी मोठी वाटली मला. त्या म्हणाल्या, पाणी बदललं की अंगानं भरतेच. तेवढ्यात वर्ध्यालगतच्या बोरगाव मेघेला नव्याने राहायला आलेली एक मुलगी थांबली. एक ढेमस उचलून तिने निरखून पाहिलं.

“हे कुठलं हो मावशी? असं कधी पाहिलं नाही.”

लीलाबाई तागडीत वजन टाकता टाकता म्हणाल्या, “आंजीचंच हाय बाई. मधात जरासं जपानले गेलतं.”

मुलगी माझ्याकडे पाहू लागली, मावशी थट्टा करतात का म्हणून. मी ‘नाही’ म्हणून मान हलवली. तिने अर्धा किलो मागितलं होतं, ते एक किलो केलं.